आपल्या नावचे वचन

मराठी ख्रिस्ती घरांत बायबल वाचले जात नाही, अशी तक्रार मला करायची नाही. ते वाचले जाते. १८११ साली बंगालमधल्या श्रीरामपूरहून विल्यम कॅरी यांनी मराठी नवा करार छापला, तेव्हापासून दोनशेहून अधिक वर्षे हे शास्त्र आपल्या भाषेत आहे. ज्या घरात दुसरे एकही पुस्तक नाही, त्या घरातही ते सापडते. प्रॉटेस्टंट कुटुंबांत वर्षभरात सगळे बायबल वाचून काढण्याचा नेम असतो: ११८९ अध्याय, म्हणजे रोजचे तीन-चार. कॅथलिकांत हे वाचन पूर्वी बहुतांशी धर्मगुरूंपुरते राहत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ते सर्वसामान्यांच्या हाती देण्याचा आग्रह धरला, आणि २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी वर्षातला एक रविवार खास देवाच्या वचनासाठी राखून ठेवला. आपल्याकडे वाचन आहे, पाठांतर आहे, स्पर्धा आणि प्रमाणपत्रेही आहेत.

माझा प्रश्न त्यापुढचा आहे. गेल्या वर्षी वाचलेल्या अध्यायांमुळे आपल्या व्यवहारात नेमका काय फरक पडला? कोणाचे थकलेले पैसे आपण चुकते केले? कोणता फायदा हातात असूनही सोडला? कोणापुढे जाऊन माफी मागितली? या प्रश्नांना उत्तर देताना बहुतेक जण अडखळतात. माणसे वाईट आहेत म्हणून ती अडखळतात असे मला वाटत नाही. दोष वाचण्याच्या रीतीत आहे. बायबल उघडले की आपण नेहमी दुःखितांच्या, तहानलेल्यांच्या, आशीर्वादाची वाट पाहणाऱ्यांच्या जागी जाऊन बसतो. मिसरातून सुटलेले इस्राएल म्हणजे आपण, फारो दुसरा कोणीतरी. परूशी पलीकडच्या मंडळीत असतात आणि जक्कय करवसुलीच्या कचेरीत. पण आपण रोज कोणाचे तरी मालक असतो, कोणाचे भाऊ, कोणाचे नवरे, घरमालक, मंडळीचे पंच. त्या नात्याने आपल्याला उद्देशून जे लिहिले आहे, ते डोळ्यांखालून जाते आणि मनाला लागत नाही.

अशा वाचनाचे पुढे काय होते, ते आधी पाहू. जे पुस्तक आपल्याला काही करायला सांगत नाही, ते आपल्यासाठी काहीतरी करील अशी अपेक्षा सुरू होते. बायबल उशाखाली ठेवले की वाईट स्वप्ने पडत नाहीत, गाडीच्या डिकीत ठेवले की अपघात टळतो. निर्णय घ्यायचा असेल तर डोळे मिटून कोणतेही पान उघडायचे आणि जिथे बोट पडेल ते वचन देवाचे उत्तर मानायचे. अनेक मंडळ्यांत ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वचनांच्या चिठ्ठ्या ठेवलेल्या असतात. प्रत्येकाने एक उचलायची. ते त्याचे नव्या वर्षाचे वचन. या चिठ्ठ्यांत संरक्षण असते, भरभराट असते, शत्रूचा पराभव असतो. तराजूत खोट करणाऱ्या व्यापाऱ्यांवर आमोस संदेष्ट्याने ओढलेला आसूड त्यांत कधी निघत नाही. मजुरांची मजुरी अडवून ठेवणाऱ्या श्रीमंतांना याकोबाने दिलेला इशाराही निघत नाही. शकुन पाहणे आणि कौल लावणे अनुवादाच्या अठराव्या अध्यायात स्पष्ट शब्दांत निषिद्ध ठरवले आहे. तरी त्याच ग्रंथाच्या पानांतून आपण कौल लावतो. शेजारच्या घरातला गंडादोरा अंधश्रद्धा आणि आपल्या घरातली ही चिठ्ठी मात्र श्रद्धा, असा भेद तर्काला पटणारा नाही.

यातली काही रूपे निरुपद्रवी आहेत. त्यांच्यावर शब्द खर्च करत नाही. आजाराच्या बाबतीत मात्र गोष्ट जिवावर बेतते. चंगाईच्या नावाखाली माणसाला गोळ्या बंद करायला सांगितले जाते, आणि दुखणे बळावले की विश्वास कमी पडला म्हणून त्याच्यावरच ठपका येतो. घरात लागोपाठ दुखणी आली, मूल अपंग जन्मले, तर कोणाचे पाप भोवले याची चौकशी सुरू होते. नेमका हाच प्रश्न शिष्यांनी जन्मांध माणसाकडे बोट दाखवून येशूला विचारला होता. पाप त्याचेही नाही आणि त्याच्या आईबापांचेही नाही, असे येशूने त्यांना सांगितले. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हाही मेलेले अधिक पापी होते हा समज त्याने खोडून काढला. पौलाच्या सोबत्यांत लूक नावाचा वैद्य होता. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर पौलाने त्या काळचा उपाय सुचवला. तुझा विश्वास कमी आहे, असे तो कुठे म्हणाला नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करत बसणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे, आणि गुन्हेगाराचा धर्म तो विचारत नाही. योहानाच्या नवव्या अध्यायावर ज्याचा विश्वास आहे, त्याने या कायद्याचे मनापासून स्वागत करायला हवे.

१८०७ साली लंडनमध्ये एक बायबल छापले गेले. वेस्ट इंडीज बेटांवरच्या ब्रिटिश मळ्यांतल्या गुलामांसाठी त्यातले भाग निवडले होते. इस्राएल लोकांची मिसरातून सुटका त्यात नव्हती. सगळे ख्रिस्तात एक आहेत, दास आणि स्वतंत्र असा भेद उरला नाही, असे सांगणारे गलतीकरांस पत्रातले वचनही गाळले होते. आज्ञापालनाचे उपदेश मात्र जागच्या जागी होते. पुस्तक पुरते वाचले गेले तर आपला व्यवहार बंद पडेल, हे मळेवाल्यांना कळत होते. आपल्या हातात पूर्ण बायबल आहे आणि आपण ते पूर्ण वाचतो. तरीही त्याच्यापासून आपल्या व्यवहाराला काही धोका आहे, असे आपल्याला वाटत नाही. याचा अर्थ तेच भाग आपणही गाळतो आहोत. कागद शाबूत ठेवून गाळतो, एवढाच फरक.

इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय घ्या. लग्नाच्या उपासनेत तो वाचतात, म्हणून बहुतेकांच्या कानावर असतो. त्यातला बायकोला अधीन राहायला सांगणारा भाग किती पुरुषांना तोंडपाठ आहे! तो तीन वचनांचा आहे. त्यानंतर जवळजवळ नऊ वचने नवऱ्याला उद्देशून आहेत. बायकोसाठी स्वतःला अर्पण करावे, तिला स्वतःच्या देहासारखे जपावे, असा त्यांचा आशय. आणि या सगळ्याच्या आधी एक वचन दोघांसाठी आहे: एकमेकांच्या अधीन असा. नवरा बायकोचा भाग पाठ करतो आणि आपला विसरतो. आपल्या नावचे पत्र न फोडता शेजाऱ्याचे पत्र मोठ्याने वाचून दाखवावे, तसा हा प्रकार आहे. त्याचे परिणाम साधे नाहीत. मार खाणाऱ्या बाईला घरचे आणि मंडळीतले मिळून प्रार्थना कर, सहन कर, देव त्याला बदलील, असे सांगतात. मारणाऱ्याला त्याच्या नावची नऊ वचने वाचून दाखवायला त्याच्या घरी कोणी जात नाही. १८६९च्या भारतीय घटस्फोट कायद्यानुसार ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढे एक कारण पुरत होते. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. ही विषमता २००१ साली दुरुस्त झाली. मधली १३२ वर्षे इफिसकरांस पत्र आपल्या लग्नांत वाचले जात होते.

आता मजुरीकडे येऊ. मला हा विषय सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे दरमहा कसोटी लागते आणि कोणाला तिच्यातून सुटता येत नाही. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये, असे लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात सांगितले आहे. अनुवादाचा चोविसावा अध्याय आणखी पुढे जातो. मजूर आपल्यातला असो की परका, सूर्य मावळण्याआधी त्याचे पैसे द्यावेत, कारण तो गरीब आहे आणि त्याचे लक्ष त्या पैशांकडे लागलेले असते. नियम करणाऱ्याने मजुराच्या मनात काय चालले आहे, याचा इथे विचार केला आहे. जाते गहाण ठेवून घेऊ नये, कारण दळणच थांबेल. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले तर रात्र होण्याआधी परत करावे, कारण तो झोपेल कशात? हा हिशेब देणाऱ्याच्या सोयीचा नाही, घेणाऱ्याच्या गरजेचा आहे.

आपल्या स्वयंपाकघरात काय असते? भिंतीवर वचनांचे कॅलेंडर असते. प्रत्येक तारखेखाली त्या दिवसाचा शास्त्रपाठ छापलेला. त्याच तारखांवर पेनाने केलेल्या फुल्या असतात. त्या फुल्या म्हणजे कामवाल्या बाईचे खाडे. मुलाला ताप होता तो मंगळवार, गावी सासरा वारला ते तीन दिवस. महिना संपला की कॅलेंडर खाली उतरते, फुल्या मोजल्या जातात आणि तेवढे पैसे कापले जातात. फुलीच्या खालचे वचन तेव्हा कोणी वाचत नाही, जरी ते त्याच चौकटीत असते. आपल्याला पगारी रजा मिळते. आजारपणाची रजा मिळते, सणाचीही मिळते, आणि ती कमी झाली तर आपण संघटनेकडे धाव घेतो. तिला नाताळची सुट्टी आपण आपल्या आनंदासाठी देतो. पण तिच्या मुलाचा ताप तिच्या पगारातून वसूल करतो. हे करणारी माणसे कनवाळू असतात. जुने कपडे देतात, औषधालाही पैसे देतात. पण ते दान असते, आणि दान देणाऱ्याच्या मर्जीने मिळते. शास्त्र ज्याबद्दल बोलते तो तिचा हक्क आहे.

मंडळीच्या बाबतीत तरी वेगळे आहे का? अनेक देवळांत झाडलोट करणारा, संडास धुणारा आणि घंटा वाजवणारा माणूस एकच असतो. त्याची नेमणूक तोंडी असते, त्याला भविष्यनिर्वाह निधी नसतो. वर्षानुवर्षे त्याच्या पगाराला मानधन म्हणतात, म्हणजे किमान वेतनाचा विषय निघत नाही. नव्या ध्वनियंत्रणेसाठी वर्गणी महिन्याभरात जमते. हा विषय काढला की काही पंच म्हणतात, तो देवाची सेवा करतो, पैशासाठी करत नाही. मग देवाची तीच सेवा फुकट करायला पंचांची मुले का येत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याकडे नसते.

पैशाचाच दुसरा, अधिक शांतपणे होणारा अन्याय बहिणीच्या वाट्याचा आहे. वडील वारतात. चाळीस दिवस होतात न होतात तोच भाऊ बहिणींना एक तारीख कळवतो. दुय्यम निबंधकांच्या कचेरीत बाकावर तिघी बसलेल्या असतात. कागद टाइप होऊन तयार असतो: आपण राजीखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय, मोबदला न घेता हक्क सोडत आहोत. अंगठा, फोटो, सही. बाहेर आल्यावर चहा होतो. सही केली नाही तर माहेर तुटेल, एवढे तिघींना ठाऊक असते, आणि त्याला दडपण म्हणायची रीत नाही. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता वारला, तर १९२५च्या भारतीय वारसा कायद्याने मुलगा आणि मुलगी यांत काडीचाही फरक केलेला नाही. विधवेचा तिसरा हिस्सा काढून उरलेले सर्व मुलांत सारखे वाटायचे. कायदा शंभर वर्षांचा झाला आणि आपण त्याच्यातून पळवाट काढायला हक्कसोडपत्र शिकलो. केरळच्या सिरियन ख्रिस्ती समाजात परिस्थिती उघडच वाईट होती. १९१६च्या त्रावणकोर कायद्याने मुलीला मुलाच्या हिश्शाचा चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढेच मिळे. मेरी रॉय या बाईंनी तो लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि १९८६ साली जिंकला.

इथे कोणी गणनेच्या पुस्तकाचा आधार घेईल, म्हणून तो आधीच तपासू. सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे, याजकापुढे आणि सगळ्या मंडळीपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी बापाचे वतन मागितले. देवाने मोशेला सांगितले की त्यांचे म्हणणे बरोबर आहे. आक्षेप असा, की त्यांना भाऊ नव्हता, म्हणून वतन मिळाले. आक्षेप खरा आहे. पण त्या कथेत चालत आलेला नियम मुलींच्या तक्रारीवरून बदलतो, आणि बदलाला मान्यता खुद्द देवाकडून येते, हेही तितकेच खरे आहे. शिवाय ईयोबाचे पुस्तक शेवटपर्यंत वाचणाऱ्याला ठाऊक आहे की त्याने आपल्या तिन्ही मुलींना त्यांच्या भावांबरोबर वतन दिले; आणि त्याला मुलगे सात होते. ईयोबाचे सोसणे आपण हजार प्रवचनांत ऐकले. त्याचे वाटणीपत्र किती वेळा ऐकले?

जातीबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. अंत्युखियाच्या मंडळीत पेत्र परराष्ट्रीयांबरोबर एका पंगतीत जेवत असे. यरुशलेमहून काही बडी मंडळी आली, तेव्हा त्यांच्या भीतीने तो उठून वेगळा बसू लागला. पौलाने त्याला सर्वांदेखत तोंडावर जाब विचारला. पेत्राची शिकवण चुकली होती असे पौल म्हणत नाही. त्याचे वागणे सुवार्तेला धरून नव्हते, असे तो म्हणतो. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाला श्रीमंत आधी खाऊन घेत आणि गरीब उपाशी राहत. त्यांनाही पौलाने सुनावले, की हे प्रभुभोजनच नव्हे. म्हणजे पंगतीचा प्रश्न आद्य मंडळीत श्रद्धेच्या गाभ्याचा प्रश्न होता. लक्ष्मीबाई टिळक १९०० साली ख्रिस्ती झाल्या, पण सोवळेओवळे त्यांनी त्याआधीच सोडले होते. जाती देवाने केल्या की माणसाने, याचा त्यांनी स्वतः विचार केला आणि त्याप्रमाणे जेवणाखाण्यात वागायला सुरुवात केली. बाप्तिस्मा नंतर आला. आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी बाप्तिस्मा झालेल्या घरांत तो विचार अजून यायचा आहे. गोव्यात बामण आणि चार्डो हे भेद सोयरीक जुळवताना आजही जिवंत आहेत. अहमदनगरच्या परिसरात मूळच्या महार आणि मूळच्या मांग कुटुंबांनी एका बाकावर बसून उपासना केली, तरी लग्नाची बोलणी होताना पूर्वीची जात आडून विचारली जाते.

आमच्यात जात नाही, असे व्यासपीठावरून सांगणाऱ्यांनी एका विसंगतीला उत्तर द्यावे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती फक्त हिंदूंना होत्या. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्या मिळाल्या. दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत, आणि त्यांची मागणी न्याय्य आहे असे माझे स्पष्ट मत आहे. ही मागणी करताना चर्च सरकारला सांगते, की बाप्तिस्म्याने जात गेली नाही, गावात आणि समाजात ती तशीच भोगावी लागते. ते सत्य आहे. पण तेच सत्य मंडळीच्या आत मांडले की फूट पाडण्याचा आरोप येतो. डॉ. आंबेडकरांनी धर्मांतरितांच्या स्थितीवर लिहिताना हाच प्रश्न केला होता, की या धर्माने अस्पृश्याच्या जीवनात काय बदलले. कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६च्या दलित सक्षमीकरण धोरणात चर्चमधल्या भेदभावाची कबुली दिली आहे. कबुलीनंतर पंगत, लग्न आणि पंचांची निवड येते, आणि तिथे धोरणाचा कागद पोहोचत नाही.

आता एक जुना आक्षेप. तारण कृपेने होते, कर्माने नाही. मग या हिशेबाला धर्मात स्थान काय? हा आक्षेप हलका नाही. खुद्द मार्टिन ल्यूथर यांना कर्मावर भर देणारे याकोबाचे पत्र खटकत होते. १५२२ साली त्यांनी त्याला गवताची उपमा दिली. पण ज्या इफिसकरांस पत्रात तारण कृपेने आहे असे सांगितले, त्याच्याच लगतच्या वचनात आपण सत्कृत्यांसाठी निर्माण झालो आहोत असेही आहे. कृपा म्हणजे न मागता मिळालेले देणे. ते ज्याला मिळाले, त्याने कामवालीचे खाडे मोजावेत, हे तर्काला धरून नाही आणि कृपेलाही नाही. जर्मनीत डीट्रिख बॉनहॉफर यांनी १९३७ सालच्या आपल्या पुस्तकात स्वस्त कृपेवर टीका केली. आठ वर्षांनी नाझींनी त्यांना फासावर चढवले. कृपेवरचा त्यांचा विश्वास कोणापेक्षा कमी होता, असे म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप विवेकवादी वाचकाचा आहे. बायबलमध्ये दगडमाराची शिक्षा आहे, गुलामगिरी गृहीत धरलेली आहे, दोन धाग्यांचे कापड वापरू नये असेही आहे. मग मजुरीचा नियम तेवढा तुम्ही का उचलता? उचलावेच लागते, आणि उचलताना बुद्धी वापरावी लागते, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. निवड सगळेच करतात. ज्यांना आपण अक्षरशः पाळतो असे वाटते तेही करतात. प्रश्न निवडीच्या कसोटीचा आहे. येशूने ती दिली आहे. शब्बाथ माणसासाठी आहे, असे तो म्हणाला. पुदिना आणि जिऱ्याचा दशमांश काटेकोर देऊन न्याय आणि दया या भारी गोष्टी सोडणाऱ्यांना त्याने धारेवर धरले. ज्या अर्थाने दुर्बळाचे ओझे हलके होते तो अर्थ घ्यावा. ज्या अर्थाने फक्त आपली सोय होते त्याच्याकडे संशयाने पाहावे. कसोटी अवघड नाही. तिचा जाच होतो, म्हणून ती टाळली जाते.

पंडिता रमाबाईंकडे मी याच कारणाने पुन्हा पुन्हा वळतो. दुष्काळात आईबाप गमावलेली ही विदुषी १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेली आणि तिथून मुली आणि विधवांना घेऊन आली. केडगावच्या मुक्ती सदनात त्या मुली शिकल्या, विणू लागल्या, शेती करू लागल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून खेड्यातल्या बाईला समजेल अशा मराठीत सबंध बायबल उतरवले, आणि तेथल्या बायकांच्याच हातांनी ते छापले गेले. १९२२ साली त्या वारल्या त्या या कामात अखेरपर्यंत गुंतलेल्या असताना. पुस्तक समजून घेणे आणि भुकेल्या मुलीला जेवू घालणे, ही दोन कामे त्यांना वेगळी वाटली नाहीत. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी एकीकडे ‘सुबोध बायबल’ लिहिले आणि दुसरीकडे हरित वसई संरक्षण समितीतून जमिनी आणि पाणी गिळणाऱ्यांविरुद्ध लोकांना उभे केले. फादरांनी राजकारणात पडू नये, असे तेव्हा पुष्कळांनी सुनावले. आमोसालाही बेथेलच्या याजकाने तेच सांगितले होते.

शेवटचा आक्षेप आजच्या हवेतला आहे, आणि त्यामागची भीती मला समजते. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे एक टक्का आहेत. प्रार्थनासभांवर हल्ले होतात, धर्मांतराचे आरोप होतात. अशा वेळी आपले दोष चव्हाट्यावर आणणे म्हणजे विरोधकांच्या हाती कोलीत देणे नव्हे काय? संदेष्टे ज्या लोकांना बोलत होते, तेही लहान होते आणि अश्शूर त्यांच्या दाराशी उभा होता. यशयाने तेव्हाही त्यांच्या उपासावर आणि सणांवर टीका करायची थांबवली नाही. ज्या समाजात मार खाणारी बाई मंडळीच्या नावासाठी गप्प बसवली जाते, तो समाज बाहेरच्या अन्यायाविरुद्ध कोणत्या तोंडाने बोलणार? आपल्या हक्कांसाठी राज्यघटनेकडे बोट दाखवायचे, तर त्याच घटनेतली समता आपल्या घरात चालू व्हायला हवी.

सुरुवात कुठून करायची, हे मी नुसते मोघम ठेवत नाही. रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत अध्याय वाचून झाला की एकच प्रश्न विचारावा: यात सामर्थ्य कोणाच्या हातात आहे, आणि आपल्या घरात ते कोणाच्या हातात आहे? उत्तर मुलांनाही देऊ द्यावे. ती खरे बोलतात. लग्नाआधी पाळक किंवा फादर जोडप्याला शिकवणी देतात, तेव्हा १९६१च्या हुंडाबंदी कायद्याचा उल्लेख करून देण्याघेण्याची चौकशी करावी, आणि ती वराच्या आईवडिलांसमोर करावी. आजारी म्हाताऱ्याच्या घरी प्रार्थनेला जाताना मृत्युपत्राबद्दल विचारावे आणि ईयोबाचा शेवटचा अध्याय वाचावा. आणि मंडळीच्या पुढच्या वार्षिक सभेत जमाखर्चाचा तक्ता वाटला गेला, की सभासदांपैकी कोणीतरी उठून झाडलोट करणाऱ्याच्या पगाराची ओळ मोठ्याने वाचावी. तेवढ्यात घर चालते का, हे सभेने त्यालाच बोलावून विचारावे, आणि त्याचे उत्तर कार्यवृत्तात लिहून घ्यावे.